निष्क्रिय घटक

पावणेबाराला ऑरेल थिबोडो आला,
पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकत,
आणि काउंटरवर तीन खोकी मांडली:
एक निळं, एक जांभळं,
एकावर पेंगुळलेला चंद्र.
"जोसलिन, यातलं कुठलं जास्त जोरात लागतं?"

मेनमधल्या या नदीकाठच्या गावात
मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं ते माझं दुकान,
आणि पलीकडचा पेट्रोलपंप.
बाहेर उणे अठरा.

मी तिन्ही खोकी पालथी घातली.
खरं बोलायचं ते पाठीवर लिहितात,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.
निळ्यात डायफेनहायड्रामाइन.
जांभळ्यात डायफेनहायड्रामाइन.
चंद्रातही तेच, वर अंगदुखीची गोळी,
जी तुम्ही गुडघ्यासाठी आधीच घेताय.
दोन्हीकडून घेतलीत
तर हिशोब यकृत ठेवतं.

"म्हणजे तीन नावांनी फिरणारा एकच इसम,"
ऑरेल म्हणाला. "देणेकरी असणार."

मूळचं हे शिंकांवरचं औषध, ऑरेल.
गुंगी हा त्याचा दुष्परिणाम.
मग कुणीतरी दोषाला पुढच्या बाकावर बसवलं,
खोक्याचा रंग बदलला,
आणि किंमत दोन डॉलरनं चढली.
तुमच्या वयात तोंडाला कोरड पडते,
लघवी अडते,
पहाटे उठलेला माणूस
भिंतीलाच दार समजून ढकलत राहतो.
काही रात्रींत अंगाला सवय होते,
मग गोळी तेवढी उरते.

"आणि ते दुसरं? आपल्या मेंदूतच असतं म्हणे."

मेलाटोनिन. ते नुसता निरोप देतं
की अंधार पडला.
आणि बाटलीवर तीन मिलिग्रॅम लिहिलं
म्हणून आत तीनच असेल
अशी हमी मी देऊ शकत नाही.

"अंधार पडल्याचं मला कळतं,
इथे चारलाच पडतो," तो म्हणाला.
मग टोपी काढून हातात फिरवत राहिला.
"मिल होती तेव्हा दिवसा झोपायचो,
खिडक्या थरथरायच्या, तरी.
आता एवढं शांत असतं
की कान उघडेच राहतात."

मी मानेनं हो म्हटलं.
मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत होते.

"वाच ना, बाकीचं काय लिहिलंय.
चष्मा घरी राहिला."
बाकीचं काही काम करत नाही.
निष्क्रिय घटक म्हणतात त्यांना.
"पेन्शनीत निघालो तेव्हापासून
मलाही तेच म्हणतात. वाच."

रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या खुर्चीत तो बसला.

मक्याचा स्टार्च.
"कागदाला ताठपणा येतो त्यानं."
सेल्युलोज.
"हा तर कागदच की."
टायटॅनियम डायऑक्साइड.
"पांढरेपणा! चार नंबरच्या मशीनवर
मी त्याची पोती फोडायचो.
भुवया पांढऱ्याफेक व्हायच्या.
रीना दारातच म्हणायची,
नवरा पाठवला होता, सासरा परत आला."
आणि हसला, खोकल्यासारखं.

सिलिका.
"हं."
मॅग्नेशियम स्टीअरेट.
यावर त्याला काही आठवलं नसावं.
पॉलिएथिलीन ग्लायकॉल. मेण.
निळा रंग, क्रमांक एक.

वर पाहिलं तर हनुवटी छातीवर,
एक हात यंत्राच्या पट्ट्यात,
यंत्र बंद.

बारा वाजले. दिवे घालवायची वेळ.
मी गल्ला मोजला, दोनदा चुकले,
शटर अर्ध्यावर ओढलं,
हीटरचं तोंड त्याच्याकडे वळवलं.
खोकी फळीवर परत गेली,
एक सोडून.
त्यातलं घडीचं पत्रक उलगडलं,
चुरचुरणार नाही अशा बेतानं,
हलक्या प्रतीचा कागद,
त्यानं चिमटीत धरताच ओळखला असता,
आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.
'सावधान' आलं
तिथे आवाज आणखी खाली आणला.